ब्लोअरचा रिले पुन्हा पुन्हा जळतोय? आधी सॉकेट तपासा

गाडीचा ब्लोअर (आत आणि काचेवर हवा सोडणारा पंखा) बंद पडतो. गॅरेजमध्ये नवा रिले (छोट्या करंटने पंख्याचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) घालून मिळतो, महिना-दोन महिने सगळं ठीक चालतं, आणि मग ऐन पावसात जांबोटी सोडून पुढे गेलं की काच आतून धुरकटते, बटण फिरवावं तर पंखा गप्प. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांत ही तक्रार दर पावसाळ्यात ठरलेली आहे. बेळगावच्या हवेत एसी नसला तरी माणूस निभावून नेतो. पण जून ते सप्टेंबर चोर्ला घाटात बाहेर धुकं आणि आत चार माणसांच्या श्वासाची वाफ असताना ब्लोअर नसेल, तर समोरून येणारा ट्रक दिसत नाही. म्हणून ही बाब मी किरकोळ समजत नाही आणि कुणी तशी समजू नये असं मला मनापासून वाटतं.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. या दुखण्याबद्दल माझं सांगणं थोडक्यात असं: तोच रिले दुसऱ्यांदा गेला, तर तिसरा विकत घेण्याआधी उष्णता कुठे तयार होते आहे ते शोधा. रिले आपणहून सहसा जळत नाही. त्याला कुणीतरी भाजत असतं, आणि भाजणारा बहुतेक वेळा त्याच्या खालीच, सॉकेटमध्ये (रिलेचे पाय ज्या खाचांत खोचले जातात तिथे), बसलेला असतो.

करंट कुठून कुठे जातो

बॅटरीचा प्लस जाड वायरीने फ्यूज बॉक्समध्ये येतो. तिथून ब्लोअरच्या फ्यूजमधून (छोट्या गाड्यांत बहुधा २० ते ३० अँपिअरचा) रिलेच्या ३० नंबरच्या पायाला पोचतो. आतल्या कॉइलने (तारेच्या वेटोळ्याने) रिले ओढला गेला की ३० आणि ८७ आतून जोडले जातात आणि करंट मोटरकडे निघतो. मोटरची दुसरी वायर रेझिस्टरकडे (पंख्याचा वेग कमी करणाऱ्या अडथळ्याकडे) जाते, तिथून डॅशबोर्डवरच्या स्पीडच्या स्विचकडे आणि स्विचमधून बॉडीला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे. फुल स्पीडला रेझिस्टर वगळला जातो, मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं.

ही सर्वसाधारण मांडणी झाली. काही गाड्यांत फ्यूज रिलेच्या नंतर असतो, काहींत स्विच प्लसच्या बाजूला असतो, काहींत फुल स्पीडसाठी आणखी एक रिले असतो आणि काही मॉडेलमध्ये ब्लोअरला वेगळा रिलेच नसतो. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत रेझिस्टरच्या जागी ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं. म्हणून आपल्या गाडीचा नकाशा आधी बघून घ्या. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फ्यूज-रिलेच्या जागा छापलेल्या असतात आणि रिलेच्या अंगावर त्याचं आतलं चित्र असतं. जपानी पद्धतीच्या काही रिलेंवर ३०-८७ ऐवजी १, २, ३, ५ असे आकडे दिसतील. त्यात १ आणि २ हे कॉइलचे पाय, ३ आणि ५ हे कॉन्टॅक्टचे, म्हणजे मोठा करंट जोडणाऱ्या टोकांचे.

८५ आणि ८६ हे कॉइलचे पाय. कॉइल जेमतेम दीडशे मिलीअँपिअर घेते. ३० आणि ८७ मधून मात्र फुल स्पीडला १०-१५ अँपिअर किंवा त्याहून जास्त जातात. म्हणजे एकाच डबीत दोन स्वतंत्र सर्किटं आहेत, एक चिमुकलं आणि एक दांडगं. बिघाड कोणत्या बाजूला आहे हे ठरवलं की निम्मं काम झालं.

हे दुखणं तेच आहे का?

फक्त फुल स्पीड चालतो आणि खालचे स्पीड मेलेत, तर रेझिस्टर बघा. रिलेला हात लावू नका. मधलाच एखादा स्पीड नाही, तर रेझिस्टरची एक तार किंवा स्विच. ब्लोअरच्या डब्याला खालून मूठ मारली की पंखा सुरू होतो, तर मोटरचे ब्रश झिजलेत. किल्ली काढली तरी पंखा फिरतोच आहे, तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. रात्रीत बॅटरी झोपेल, तो रिले लगेच उपसून ठेवा.

आणि सकाळी पंखा व्यवस्थित, अर्ध्या-पाऊण तासाने बंद, गाडी सावलीत उभी केली की पुन्हा चालू, किंवा फ्यूज बॉक्सजवळ जळकट वास, तर तुम्ही योग्य जागी आलात. गॅरेजमध्ये हा बिघाड सापडत नाही तो याच कारणाने. गाडी सकाळी थंड इंजिनाने गॅरेजला येते, मिस्त्री बटण फिरवतो, पंखा फिरतो आणि ‘काही नाही हो, चांगला आहे की’ म्हणून गाडी परत मिळते. उष्णतेचा बिघाड थंड गाडीत दिसणार नाही. एसी लावून, हेडलाइट लावून, फुल स्पीडवर अर्धा तास पंखा चालवा आणि मगच तपासायला घ्या.

पहिली तपासणी बोटाने होते. किल्ली ऑन करून रिलेवर बोट ठेवा आणि मदतनिसाला ब्लोअरचं बटण फिरवायला सांगा. टक् असं जाणवलं तर कॉइलची बाजू जिवंत आहे. (काही गाड्यांत रिले किल्ली ऑन करतानाच ओढला जातो, तिथे किल्लीच्या वेळी टक् येईल, बटणाच्या वेळी येणार नाही.) टक् येतो पण पंखा नाही, तर कॉन्टॅक्ट, सॉकेट, मोटर किंवा अर्थ. टक्‌च नाही, तर कॉइलकडे प्लस किंवा अर्थ पोचत नाही.

हॉर्नचा रिले काढून ब्लोअरला लावून बघायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे आणि ती चांगली आहे, पण रिलेवरचा नंबर आणि पायांची मांडणी तंतोतंत तीच असेल तरच. पाचव्या पायाचा, म्हणजे ८७ए असलेला रिले चार पायांच्या जागी कोंबू नका. काही रिलेंच्या आत कॉइलला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्यांना ८५-८६ उलटे चालत नाहीत. आणि उसना रिले लावून पंखा सुरू झाला म्हणून तपासणी संपली असंही धरू नका. नवा, स्वच्छ पाय सैल सॉकेटमध्येसुद्धा काही दिवस चालून जातो. पहिले पाढे पंचावन्न होतात ते इथेच.

मीटर कसा लावायचा

रिले उपसून सॉकेटच्या ३० नंबरच्या खाचेत मीटर लावला की १२.५ व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो, ‘सप्लाय तर आहे.’ हे चुकतं, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीतला एखादा तंतू शाबूत असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवणार. जुन्या मिस्त्रींचा टेस्ट लॅम्प इथे मीटरपेक्षा उजवा, कारण दिवा थोडा तरी करंट ओढतो आणि कमकुवत जोड असेल तर मंद पेटतो. पण खरी परीक्षा होते ती पंखा फुल स्पीडवर चालू असताना वाटेत किती व्होल्ट हरवतात हे मोजल्यावर.

इंजिन चालू, ब्लोअर फुल, हेडलाइट लावलेले. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या प्लसला घट्ट धरा. थेट शिशाच्या टर्मिनलला, त्यावर आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पला नाही. काळं टोक मोटरच्या कनेक्टरवर, प्लसच्या वायरीला, मागच्या बाजूने. जो आकडा येईल तो बॅटरीपासून मोटरपर्यंत हरवलेला व्होल्टेज. फ्यूज, रिले आणि दोन-चार कनेक्टर धरून अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी जळतंय.

मग लाल टोक तिथेच ठेवून काळं टोक एकेक टप्पा मागे आणायचं: रिलेची बाहेर जाणारी वायर, रिलेची आत येणारी वायर, फ्यूज. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडी टोकं असतात ती याचसाठी. फ्यूज न काढता दोन्ही बाजू मोजता येतात. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, दोष त्या दोघांमध्ये आहे.

अर्थची बाजू तशीच. काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक मोटरच्या दुसऱ्या वायरीला. यात स्पीडचा स्विचही येतो म्हणून पाव ते अर्धा व्होल्ट धरून चाला. त्याहून जास्त आला तर स्विचचा कनेक्टर आणि डॅशखालचा अर्थचा बोल्ट उघडा. हा बोल्ट बऱ्याच गाड्यांत पायाजवळच्या पत्र्यावर असतो आणि मॅट भिजून राहिली की तो गंजतो.

एक कळकळीची सूचना. मीटरचं जाड टोक सॉकेटच्या पुढच्या खाचेत खुपसू नका. आतलं पितळेचं पान त्याने फाकतं आणि कालपर्यंत नसलेला दोष आज तुम्हीच तयार करता. टाचणी किंवा बारीक सुई वायरीच्या बाजूने, मागून घाला. आणि डॅशखाली पिवळ्या वेष्टणाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा; त्याला मीटर, टेस्ट लॅम्प, काहीही लावायचं नाही.

खानापूरच्या एका गाडीत काय सापडलं

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांची जुनी हॅचबॅक आली. ‘नवा रिले घातला की थोडे दिवस बरं असतंय, मग परत तसंच,’ ही तक्रार. अर्धा तास पंखा चालवून मोजलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, मोटरवर पोचत होते फक्त ११.६. अर्थच्या बाजूला ०.३ हरवत होते, ते चालण्यासारखं. प्लसच्या बाजूला मात्र २.२. फ्यूजच्या पलीकडे आकडा ०.२ आणि रिलेमधून बाहेर पडणाऱ्या वायरीवर २.१. म्हणजे रिले आणि त्याचं सॉकेट मिळून १.९ व्होल्ट एकटे खात होते.

डीसी क्लॅम्प मीटरने (वायर न तोडता, भोवती धरून करंट मोजणाऱ्या) करंट बघितला तर १६ अँपिअर. आता १.९ गुणिले १६ करा. तीस वॉट. आपण टेबलावर वापरतो तो साधा सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचा असतो. तेवढी उष्णता नखाएवढ्या पितळेच्या पानावर, चारी बाजूंनी प्लास्टिक असलेल्या बंद डब्यात, खानापूर ते बेळगाव सगळा वेळ तयार होत होती.

रिले उपसला. तीन पाय चकचकीत, ८७ चा पाय मात्र निळसर तपकिरी, कथलाचा मुलामा उडालेला. सॉकेटच्या त्या खाचेभोवती प्लास्टिक किंचित फुगलेलं, कडेने तपकिरी वर्तुळ. मी जुन्या रिलेचा एक पाय कापून, चपट्या पट्टीसारखा, जवळ ठेवतो. तो एकेका खाचेत घालून ओढून बघायचा. ३०, ८५, ८६ च्या खाचा त्याला धरून ठेवत होत्या, ओढताना जोर लागत होता. ८७ मध्ये तो नुसता घसरून बाहेर आला. एवढीशी पट्टी मीटरशिवायही निम्मा निकाल देते. ज्याला मीटर जमत नाही त्याने निदान हे तरी करावं.

महिनाभराने रिले का जातो हेही यात दिसतं. नव्या रिलेचा स्वच्छ पाय सैल पानालाही सुरुवातीला बऱ्यापैकी टेकतो. तिथे थोडी उष्णता होते, उष्णतेने पानाची ओढ आणखी ढिली पडते, पायावर काळा थर चढतो, अडथळा वाढतो, त्याने उष्णता आणखी वाढते. पायावाटे ती रिलेच्या आत शिरते आणि आतले कॉन्टॅक्ट भाजतात. रिले बदलून हे चक्र तुटत नाही, फक्त पहिल्यापासून सुरू होतं.

या सगळ्यात फ्यूज का उडाला नाही, असा प्रश्न हमखास येतो. फ्यूजला दिसतात ते अँपिअर. १६ अँपिअर म्हणजे त्याच्या हिशेबाने सगळं ठीक. सैल टर्मिनलच्या (म्हणजे सॉकेटमधल्या त्या पितळी पानाच्या) उष्णतेपासून फ्यूज तुम्हाला वाचवत नाही. म्हणूनच ‘जरा मोठा फ्यूज टाकून बघू’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने हा बिघाड जात नाही आणि जी काही राखण होती तीही जाते.

१६ अँपिअर का?

सॉकेट सैल होतं हे खरं, पण त्या मोटरने एवढं ओढायला नको होतं. डावीकडचा ग्लोव्ह बॉक्स उतरवून ब्लोअरची मोटर खाली काढली. पंख्याच्या पिंजऱ्यात जांभळाच्या कुजलेल्या पानांचा लगदा, कडेला तो घासल्याच्या रेघा, आणि मोटरच्या बुशाला (दांडा ज्यात फिरतो त्या कडीला) गंज. पंखा हाताने फिरवून सोडला तर दोन-तीन फेरे सहज फिरायला हवा. हा सोडल्याबरोबर थांबत होता. मोटरला असा अडथळा झाला की ती हळू फिरते आणि हळू फिरणारी डीसी मोटर जास्त करंट ओढते. पिंजरा धुऊन, बूश साफ करून, तेलाचा थेंब देऊन आणि सॉकेटचं टर्मिनल बदलून पुन्हा मोजलं: मोटरवर १३.४ व्होल्ट, करंट १३ अँपिअर.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ‘आतल्या हवेचा फिल्टर चोंदला की मोटरवर लोड येतो आणि रिले जळतो’ असं बरेच जण सांगतात. पिंजऱ्याच्या पंख्याचं तसं नसतं. हवेची वाट बंद झाली की पंखा ढकलणार काय? त्याचं काम कमी होतं आणि मोटर उलट कमी करंट घेते. चोंदलेला फिल्टर मारतो तो रेझिस्टरला. रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, त्या हवेनेच तो थंड राहतो. हवा नाही मिळाली की त्याचा थर्मल फ्यूज (जास्त तापला की तुटणारा) उडतो आणि फक्त फुल स्पीड उरतो. तेव्हा रेझिस्टर वारंवार जात असेल तर फिल्टर आणि एव्हापोरेटरची (एसीत हवा थंड करणाऱ्या भागाची) जाळी बघा. रिले वारंवार जात असेल तर सॉकेट आणि मोटरचा अडथळा बघा. दोन्ही जात असतील तर मोटर बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

ही पानं आत येतात कुठून? वायपरखालच्या जाळीतून. झाडाखाली गाडी उभी राहते, पानं जाळीखालच्या खोबणीत साठतात, पाणी बाहेर जायची भोकं बुजतात आणि पाणी ताज्या हवेच्या वाटेने सरळ ब्लोअरवर उतरतं. डाव्या बाजूची मॅट ओली, आत कुबट वास, सुरू करताना डॅशमधून चुळचुळ आवाज, ही त्याची लक्षणं. ब्लोअर बंद ठेवून जाळीवर तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि चाकामागून ते खाली पडतं का बघा. नाही पडलं तर बोनेट उघडून जाळी काढा आणि खोबण हाताने साफ करा. एसीच्या पाण्याची नळी बुजली तरी मॅट भिजते, तीही एकदा फुंकून घ्या.

जागेप्रमाणे दुखणं थोडं बदलतं. चिकोडी, रायबाग, अथणीकडे साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ पंख्याच्या पात्यांवर थर धरते आणि पंखा हेलकावे खातो. त्याने बूश लवकर झिजतात. उसाच्या फडाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर ब्लोअरच्या डब्यात घरटं करतो, वायरी कुरतडतो ते वेगळंच. गोव्यातून किंवा कोकणपट्टीतून आणलेली सेकंडहँड गाडी असेल तर खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवा थर चढलेला असतो. अशा गाडीचे फ्यूज बॉक्सचे सगळे जोड, दिसायला चांगले असले तरी, एकदा उघडून बघा. आपल्याकडे केए-२२ (बेळगावचं) पासिंग करून फिरणाऱ्या अशा गाड्या कमी नाहीत.

टक् येतच नसेल तर

सॉकेटच्या ८५ आणि ८६ मध्ये टेस्ट लॅम्प लावा, किल्ली ऑन, बटण फिरवलेलं. पेटला तर कॉइलला दोन्ही बाजू मिळताहेत आणि रिले मेला आहे. कॉइलचा ओहम मोजून खात्री होते: १२ व्होल्टच्या साध्या रिलेत तो साधारण ७० ते १०० ओहम असतो. काहीच दाखवला नाही तर तार तुटली.

लॅम्प पेटला नाही तर एकेक बाजू बॉडीशी आणि बॅटरीच्या प्लसशी लावून कोणती गायब आहे ते ठरवा. प्लस गायब असेल तर बऱ्याचदा किल्लीच्या स्विचचे कॉन्टॅक्ट असतात. किल्ली जरा हलवली की पंखा येतो-जातो, तर आणखी पुरावा नको.

उष्णतेचा इथेही हात आहे. कॉइल तांब्याची आणि तांब्याचा अवरोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. साठ अंश तापमान चढलं की कॉइलचा ओहम जवळजवळ पावपट वाढलेला असतो, म्हणजे ती तेवढी कमजोर ओढते. त्यात किल्लीच्या स्विचमध्ये तीन-चार व्होल्ट हरवत असतील, तर सकाळी ओढला जाणारा रिले दुपारी ओढला जात नाही किंवा तडतडत राहतो. तडतडणाऱ्या रिलेचे कॉन्टॅक्ट दर उघडझापीला ठिणगी खातात. अशा वेळी ८५-८६ मध्ये रिले बसवलेला असताना, गाडी तापलेली असताना व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असूनही ११ च्या खाली असेल तर मागे शोधा.

दुरुस्ती

बॅटरीचा मायनस काढा, मग हात घाला.

सैल पान पक्कडीने दाबून घट्ट करायचं काम मी करत नाही. उष्णता खाल्लेल्या पितळेत ओढ राहत नाही. आज घट्ट वाटतं, पंधरवड्यात पुन्हा फाकतं. टर्मिनल बदला. सॉकेटच्या पुढून बारीक पिनने लॉक दाबलं की टर्मिनल वायरीसकट मागून बाहेर येतं. वायर कापत मागे जा, तांबं लालसर चमकदार दिसेपर्यंत. काळी पडलेली, कडक झालेली वायर ठेवू नका. तिच्यावर क्रिंप (टर्मिनल दाबून केलेला जोड) धरत नाही. नवं टर्मिनल त्याच मापाचं, योग्य क्रिंपिंग पक्कडीने दाबलेलं. जोड द्यावा लागला तर वायर त्याच जाडीची किंवा एक माप जाड, जोडावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड १५ अँपिअरच्या वाटेत म्हणजे नवा बिघाड पेरून ठेवणं.

फ्यूज बॉक्सचं प्लास्टिकच वितळलं असेल आणि टर्मिनल तिथे बसत नसेल, तर अख्खा बॉक्स बदलण्याऐवजी वेगळा रिले होल्डर बसवता येतो. तयार वायरींसह होल्डर ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. जुन्या सॉकेटमधल्या चारही वायरी त्यावर घ्या आणि होल्डर पाणी न येणाऱ्या जागी, तोंड खाली करून, पक्का बसवा. फ्यूज जुनाच वाटेत राहील असं बघा. थेट बॅटरीवरून नवी वायर ओढायची असेल तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. या जागी फ्यूज नसलेली वायर मी पाहिली की ती पहिल्यांदा काढतो, मग गाडी कशासाठी आली होती ते विचारतो. ती वायर पत्र्यावर घासून उघडी पडली तर आग लागण्यापासून अडवणारं मध्ये काहीही नसतं.

रिले घेताना जुना सोबत न्या. अँपिअर, पायांची मांडणी, डायोड किंवा रेझिस्टरचं चिन्ह, तिन्ही जुळलं पाहिजे. नाव ओळखीचं नसलेला अगदी स्वस्त रिले मी ब्लोअरला लावत नाही. हॉर्नसारख्या क्षणभर चालणाऱ्या कामाला तो चालेल; ब्लोअर तास न् तास चालतो.

काम झाल्यावर

पुन्हा अर्धा तास, फुल स्पीड, हेडलाइट लावून. मग रिलेवर बोट ठेवा. कोमट लागला तर घाबरू नका, कॉइल स्वतःच दोन-अडीच वॉट खाते. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर काम राहिलं आहे. बॅटरीच्या प्लसपासून मोटरपर्यंत हरवणारा व्होल्टेज गरम असताना मोजा आणि तो आकडा तारखेसह फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत कागद चिकटवून लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात, वळीव पडायच्या आत, तसाच पुन्हा मोजा. आकडा चढत चालला असेल तर रिले अजून ओढतोय म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात सॉकेट उघडा.